रंग उतरण्याआधी

आधी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मग संशोधनाच्या बोटीवर मासे रंगवायला लागला आणि तिथंच म्हातारा झाला. सगळे त्याला रंगराव म्हणत. बोटीवर कॅमेरा होता, पण काळापांढरा. रंग टिपावा तो रंगरावानंच.

त्याची रीत ठरलेली. जाळं वर आलं की आधी कागदाच्या कडेला रंगाचे ठिपके, आकार मागाहून. आकार स्पिरिटच्या बरणीत वर्षानुवर्षं थांबतो. तळाच्या अंधारातल्या माशाचा रंग मात्र उजेडात आला की तव्यावरच्या लोण्यासारखा बघता बघता जातो.

अलीकडे त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. सगळं जग कोऱ्या चहातून पाहिल्यासारखं दिसे. हे त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं, कारण बोटीवरचं काम सुटलं तर किनाऱ्यावर त्याची वाट पाहणारं कुणी नव्हतं. नेहमीचे मासे तो आठवणीनं रंगवी. रंगाच्या नळ्या डब्यात ठरल्या जागी असत. निभत होतं.

त्या सकाळी जाळ्यात वीतभर मासा आला. तसा मासा बोटीवर कुणीच पाहिला नव्हता. अंगावर खवला नाही, कातडी भिजल्या रेशमासारखी.

"काका, काय रंग आहे हो!" संशोधक बाई म्हणाली. "टिपा पटकन. मी बरणी आणते."

रंगरावाला मासा चिखलासारखा दिसला. बाईच्या आवाजावरून कळत होतं की तो चिखलासारखा नाही. त्यानं आठवणीत चाचपलं; तिथं हा मासा नव्हता.

कठड्याशी आचारी कांदे सोलत बसला होता. रंगरावानं सहज विचारल्यासारखं केलं, "तुला कसला वाटतो रे हा?"

"पाठीत रट्टा बसल्यावर दुसऱ्या दिवशी दिसतं ना, तसला."

"म्हणजे जांभळा की हिरवा?"

"रट्टा कुणी घातला त्यावर आहे." आचारी हसला. "आता मी तुम्हाला रंग शिकवू? उद्या तुम्ही मला मीठ शिकवाल."

समोर शेपटीकडून मासा फिकट होत चालला होता. तेवढं रंगरावालाही दिसत होतं.

"मला दिसत नाही रे," तो शेवटी म्हणाला.

आचाऱ्याचं हसू विरलं. त्यानं बाईला हाक मारली. ती धावत आली तेव्हा मासा धुतलेल्या फडक्यासारखा झाला होता.

आचाऱ्यानं तिला काय ते सांगितलं. बाई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं निळ्यात लाल कालवून ठिपका दिला.

"लाल कुठला, बाई? काळपट होता," आचारी म्हणाला आणि त्यानं दुसरा दिला. दोघांनाही दोन्ही पटेनात. रंगरावाला दोन्ही सारखेच दिसत होते.

"बंदर आलं की डोळे दाखवून घ्या, काका."

"दाखवतो. मग बोटीवर परत घ्याल ना?"

बाईनं मासा स्पिरिटमध्ये सोडला. झाकण लावलं. झाकण केव्हाच घट्ट बसलं होतं, तरी ती मान खाली घालून ते फिरवतच राहिली.