अंगात आलेलं मशीन

आमचं जुनं वॉशिंग मशीन पॅसेजमध्ये असायचं. बाथरूममध्ये ते मावेना, आणि हॉलमध्ये आईला नको होतं. "धुणं काय पाहुण्यांसमोर मांडायचं?" पॅसेजची फरशी उंचसखल. कपडे पिळायला लागलं की मशीन थरथरत पुढे सरकायचं. "आलं बाई याच्या अंगात!" म्हणत आई ते दोन्ही हातांनी धरून उभी राहायची.

घराघरातलं धुणं असंच सरकत आलंय. परसातल्या दगडावरून मोरीत, मोरीतून पॅसेजमध्ये, आणि आता ओट्याखाली, दाराआड. दर वेळी ते थोडं अधिक लपलं. धुणारीही.

आई गेल्यावर आम्ही नवं मशीन ओट्याखाली बसवलं. काल ते घुमायला लागलं तसे बाबा पेपर ठेवून उठले आणि पॅसेजमधल्या रिकाम्या भिंतीला हात लावून उभे राहिले.

"बाबा, मशीन आता तिकडे आहे."

"माहीत आहे गं. तू हात लाव इथे."

मी तळवा टेकवला. भिंत थरथरत होती. पलीकडेच ओटा आहे, हे मला ठाऊक होतं.

धुणं संपल्याची मशीनची शिटी वाजली. भिंतीच्या अंगातलं उतरलं. हात आधी कुणी काढायचा, ते मात्र दोघांनाही कळेना.