लाल्याचं गिऱ्हाईक

दिपालीला फसवणं सोपं नव्हतं. सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात ती चार वर्षं काम करत होती. लोकांचे फॉर्म भरायची. लोक तिला आपापले फोनही दाखवायला आणायचे. "बघ की गं, मला लॉटरी लागली म्हणतंय." ती नुसता नंबर बघायची आणि सांगायची, पुसून टाका. काउंटरवर तिनंच कागद चिकटवला होता: ओटीपी कुणालाही सांगू नका, आम्हालासुद्धा.

म्हणून लाल्याला गिऱ्हाईक शोधायचं काम तिच्याकडं आलं.

लाल्या म्हणजे माडग्याळी जातीचा मेंढा. बाकदार नाक, पांढऱ्या अंगावर तांबडे पट्टे. जन्मला त्याच आठवड्यात त्याची आई मेली. दिपालीच्या वडलांनी, बिरप्पांनी, त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवला. तेव्हा दारात चाळीस मेंढरं होती. मग चरायच्या रानात प्लॉट पडले, तारा आल्या. त्याच वर्षी बिरप्पा पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. मेंढरं दोन-दोन करून गेली. शेवटी लाल्या एकटा उरला. एकटा मेंढा नीट खात नाही. तो दिवसभर रस्त्याकडं तोंड करून उभा असायचा.

बिरप्पांची एकच अट होती. "कापायला न्हाय द्यायचा. कुणाच्या तरी कळपात जाऊ दे. दोन पैशे कमी आले तरी चालतंय."

बाजारात हे जमणारं नव्हतं. तिथं व्यापारी मेंढ्याची पाठ दाबतात आणि किलो सांगतात.

"आप्पा, मी फोनवर टाकते," दिपाली म्हणाली. "कळपवाला शोधून काढते."

तिनं लाल्याला लिंबाखाली उभा करून फोटो काढला. कोपऱ्यात आईच्या हिरव्या लुगड्याचा काठ आला, तो तसाच राहिला. खाली लिहिलं: फक्त पैदाशीसाठी. चाळीस हजार.

अर्ध्या तासात पहिला निरोप आला. फोटोत लष्करी गणवेश. मेंढा न बघताच पसंत होता. तो कोड पाठवणार, दिपालीनं स्कॅन करायचा, की पैसे जमा. दिपालीनं आप्पांना समजावलं, स्कॅन केलं की पैसे जातात, येत नाहीत.

"आणि ह्यो मेंढा घिऊन सीमेवर जाणार व्हय?" बिरप्पा म्हणाले.

दुसऱ्यानं पन्नास हजार देऊ केले. मागितल्यापेक्षा जास्त देणारा खोटा, दिपालीनं त्याला तिथंच तोडला. तिसऱ्यानं ओटीपी मागितला. चौथ्याची गाडी निघाली होती, फक्त डिझेलचे दोन हजार आधी हवे होते.

"तुझी गिऱ्हाइकं फोनातच मेंढरं पाळत्यात वाटतं," आई, गोजाबाई, भाकरी थापता थापता म्हणाली.

"पाळू दे. एक तरी खरं निघंल की."

नवव्या दिवशी ते निघालं. माणसानं थेट फोन केला. नाव बापूसाहेब, वस्ती मोडनिंबजवळ. त्यानं पैशाचं काही विचारलंच नाही.

"किती दाती हाय, ताई?"

"चार."

"खुरं बघितली का? लंगडत न्हाय न्हवं? आईला दूध कसं हुतं?"

हे दिपालीला माहीत नव्हतं. तिनं फोन आप्पांना दिला. ते वीस मिनिटं बोलले. त्यात दोनदा मोठ्यानं हसले. खुबा मोडल्यापासून घरानं ते हसणं ऐकलं नव्हतं. मग घासाघीस झाली, अगदी बाजारात होते तशी. बापूसाहेब चौतीसवरून चढला, बिरप्पा चाळीसवरून उतरले. सदतीसला सौदा ठरला.

दिपालीनं तरीही सगळं तपासलं. नंबर तपासला. आगाऊ काही द्यायचं नव्हतं. कोड नव्हता. घाई नव्हती. माणूस स्वतः येणार होता, रोख आणणार होता. संशय घ्यायला तिला एकही जागा सापडली नाही.

रविवारी तो छोटा टेम्पो घेऊन आला. चाळिशीचा, हाताला राठ. आल्या आल्या गोजाबाईंच्या पाया पडला. लाल्याचा एकेक पाय उचलून बघितला, कान चोळला.

"साठ मेंढ्या हायत माझ्या, मामा. नवरदेव न्यायला आलोय."

"मग वरात नीट ने," गोजाबाई म्हणाली. "वाटंत हिरवं टाक त्याच्या पुढं."

बिरप्पा काठी टेकत आत गेले. देवळीतला बिरोबाचा भंडारा घेऊन बाहेर आले.

"उचल," ते म्हणाले. "कापायला देणार न्हाय म्हण."

बापूसाहेबानं चिमूटभर भंडारा उचलला. "बिरोबाची आण. ह्यो माझ्या दावणीला म्हातारा हुईल." आधी लाल्याच्या कपाळाला लावला, मग स्वतःच्या.

भंडारा उचलल्यावर त्या घरात पुढं काही विचारत नाहीत. दिपालीनंही विचारलं नाही. मनात आलं होतं, कळपाचा एक फोटो दाखवा म्हणावं. आप्पांसमोर तोंड उघडलं नाही. तिनं फक्त नोटा उजेडात धरून बघितल्या. सगळ्या खऱ्या होत्या.

चार दिवसांनी दुपारी, दुकानात गर्दी नसताना, जाहिरात काढून टाकायला तिनं फोन उघडला. खाली तशाच दुसऱ्या जाहिराती दिसत होत्या. तिसरा फोटो तिचाच होता. तेच लिंबाचं झाड. तोच हिरवा काठ. गाव टेंभुर्णी. जिवंत वजन बहात्तर किलो. किलोवर मिळेल. कार्यक्रमासाठी एकदम तयार.

तिनं बापूसाहेबाचा नंबर लावला. बंद. मग जाहिरातीतल्या नंबरवर फोन केला. आवाज दुसऱ्याच माणसाचा होता.

"तो मेंढा आहे का अजून?"

"हाय की. हितंच बांधलाय. किती वाजता पाहिजे?"

"कापू नका. मी घेते. पन्नास हजार देते."

पलीकडून हसणं. "ताई, मी बेचाळीस लावलेत. तुमी पन्नास देताय. मेंढा तरी बघितला का?"

"तो आमचाच आहे. लाल्या म्हटलं की मान वळवतो. हाक मारून बघा."

"व्हय व्हय. आता म्हणाल, कोड पाठवते, स्कॅन करा."

"दादा, आत्ता आगाऊ टाकते, तुमचा नंबर—"

"कुणाला शिकवताय? मागच्या म्हैन्यात असंच एकीनं माझ्या भावाला बुडीवलं. लई गोड बोलत हुती ती बी."

फोन कटला. पुन्हा लावला तर लागेना. त्यानं तिला ब्लॉक केलं होतं.

ती दुकान तसंच टाकून निघाली. पुणे नाक्यावर एसटी मिळाली. वाटेत शेजारच्या बाईचा फोन मागून घेतला आणि त्यावरून त्या टेंभुर्णीच्या माणसाला सगळं लिहिलं. आपलं नाव, वडलांचं नाव, लाल्याच्या कानाच्या मागचा डाग, आप्पांची अट. लाल्या बाटलीनं दूध पीत असतानाचा फोटो आपल्या फोनमधून त्यावर घेऊन सोबत पाठवला.

टेंभुर्णी यायला थोडं राहिलं असताना उत्तर आलं.

"ताई माफ करा. खरं गिऱ्हाईक होता तुम्ही. मघाशी बोललात तेव्हा दारात होता. दोनला गेला. कानामागं डाग होता. दुसरा आहे, फोटो पाठवू?"

बाईनं विचारलं, "काय झालं गं?" दिपालीनं फोन परत दिला. पुढच्या थांब्यावर उतरली आणि रस्ता ओलांडून सोलापूरच्या गाडीची वाट बघत उभी राहिली. तिनं सगळी काळजी पैशाचीच घेतली होती. पैशाला कुणी हात लावला नव्हता.

घरी आली तेव्हा दिवस मावळला होता. बिरप्पा बाजेवर बसले होते.

"बरं झालं आलीस. त्या बापूसाहेबाला फोन लाव. लाल्याला थंडीत गार पाणी सोसत न्हाय, शिंकतंय. सांगायचं राहिलं बघ."

दिपालीनं फोन कानाला लावला. बंद नंबराची सूचना तीन भाषांत ऐकली.

"उचलत नाहीत, आप्पा."

"मेंढरं घिऊन रानात असल. तितं कुटली रेंज." त्यांनी पाय बाजेवर घेतला. "सकाळी लाव."

"लावते," दिपाली म्हणाली.