मन्मथच्या कादंबरीत कुणीच मरत नव्हतं

महानंदा वहिनींचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी दुपारचा चहा गाळत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या, आणि जरा थांबून, "झोपेतच गेले. त्रास न्हाई झाला." मन्मथ माझा पन्नास वर्षांचा मित्र. त्याच्या जाण्याची बातमी कानावर पडल्यावर मला सगळ्यात आधी काय वाटलं ते लिहायला संकोच वाटतो, पण खरं तेच लिहायचं म्हणून बसलो आहे... मला हायसं वाटलं. तो गेला याचं नव्हे. चौदा वर्षं मी त्याच्याशी एक खोटं बोलत आलो होतो, आणि ते खोटं आमच्या दोघांत तसंच ठेवून तो गेला नाही, याचं. चार महिन्यांपूर्वी ते एकदाचं बाहेर पडलं होतं. रडू नंतर आलं, संध्याकाळी, लातूरच्या गाडीत.

आमची ओळख बहात्तरच्या दुष्काळातली. मुदखेडजवळ पाझर तलावाचं काम निघालं होतं, आणि मॅट्रिक झालेली आम्ही दोघं पोरं तिथं हजेरी लिहायला लागलो. मी बिलोलीचा, तो उदगीरकडचा, लिंगायत व्यापाऱ्याच्या घरातला. गावात खरेदी करायला माणूसच उरला नाही म्हणून वडिलांनी दुकानाला कुलूप लावलं आणि हा कामावर आला. सकाळी मस्टर उघडून तो एकेक नाव पुकारायचा, आणि दुपारी सुकडी वाटून झाली की लिंबाच्या झाडाखाली खडी फोडणाऱ्या बायकांना गोष्ट सांगायचा. गोष्ट त्याच्या मनातलीच होती. अग्निवर्मा नावाचा राजपुत्र, त्याची मंतरलेली तलवार, वाळूतून पोहणारे मासे, सात राज्यं. बायका तोंडात पदर धरून ऐकायच्या. त्यांत पोसानी नावाची एक म्हातारी होती, आमच्याच बिलोलीकडची, बोलण्यात अर्धं तेलुगू. चौथ्या की पाचव्या दिवशी तिनं त्याला अडवलं. "तुझ्या राजाला तहान कामून लागत न्हाई रे, सायबा? चार दिस झाले वाळूतून चालून राहिला, अन् पाण्याचं नाव न्हाई." सगळ्या हसल्या. मन्मथ हसला नाही. दुसऱ्या दिवशी अग्निवर्म्याला अशी तहान लागली की गोष्टच बदलून गेली. राज्य मिळवायला निघालेला राजपुत्र आता नदी शोधायला निघाला. कालकंठ नावाच्या मांत्रिकानं सात राज्यांची नदी लुगड्यासारखी घडी घालून तांब्याच्या पेटीत ठेवली होती, आणि ती पेटी शोधायची होती. सोबतीला एक म्हातारी आली, खापरी नावाची, रिकामा माठ डोक्यावर घेऊन चालणारी. ती कुठून आली हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. पोसानीलाही कळत होतं. ती लाजायची.

पुढं मी शिकत गेलो आणि नांदेडच्या कॉलेजात मराठी शिकवायला लागलो. मन्मथ मोजणी खात्यात चिकटला. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला तेव्हा तो उस्मानाबादहून कागदांच्या गठ्ठ्यांबरोबरच लातूरला आला. मी त्याला भेटायला गेलो तर कचेरीत टेबलं पोचली नव्हती, हा जमिनीवर नकाशे पसरून गुडघ्यांवर बसलेला. "दिगंबरा, बघ तर," म्हणाला, "काल एका विहिरीवर गेलो. आता सरहद्द कुठनं जाणार, तर विहिरीच्या म्हाताऱ्या मालकाला काळजी की मोट इकडच्या जिल्ह्यात अन् पाणी तिकडच्या जिल्ह्यात पडतंय की काय." तो पोट धरून हसला, आणि मग तिथंच रद्द नकाशाच्या पाठीवर काहीतरी लिहून घेतलं. कादंबरी तशीच लिहिली गेली, तीस वर्षं, बाद नकाशांच्या पाठीवर. निवृत्त झाल्यावर त्यानं ती स्वच्छ उतरवून काढली आणि एके दिवशी दोन कापडी पिशव्या घेऊन माझ्या दारात उभा राहिला. 'शोषखंडाची नदी'. नऊशे सत्तर पानं. "वाच अन् प्रस्तावना लिही. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?"

मी ती वाचली, अगदी इमानदारीनं वाचली. आणि मला कळेना की हे एकाच माणसानं लिहिलं आहे का. ती भूमी मी तोवर मराठीत कुठंच पाहिली नव्हती. एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला जायला किती दिवस लागतात, कुठली माती पायाला भाजते, कुठल्या गावात परक्याला आधी पाणी विचारतात आणि कुठं आधी जात, हे सगळं त्या कल्पनेतल्या मुलखात खरं होतं, कारण तो मोजणीची साखळी घेऊन पायांनी फिरला होता. मंत्र म्हणणाऱ्याच्या तोंडची लाळ सुकते, मोठा मंत्र म्हटला तर जीभच सुकते, त्यामुळं जादूगार गरज पडल्याशिवाय जादू करत नाहीत. असं त्याला सुचलं कसं! दोन राज्यं एक विहीर वाटून घेतात ते प्रकरण वाचताना मी एकटाच मोठ्यानं हसलो. पण मग लढाया सुरू व्हायच्या. अग्निवर्मा, अग्निकेतू, अग्निधर, अग्निमित्र... कोण कुणाचा हे कळायला मी वहीत यादी केली. नायक कधी चुकत नाही. अडला की तलवार झळकते आणि वाट मोकळी. कालकंठ दुष्ट का, तर दुष्ट आहे म्हणून. राजवाड्यातल्या बायका गवाक्षात उभ्या राहून डोळे टिपतात. नऊशे पानं चालून नदी सापडते, आणि चार पानांत सगळं आबादीआबाद. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एवढ्या लढाया, एवढी तहान, पण नायकाच्या बाजूचं एकही माणूस मरत नाही. दोनशे पानांनंतर मला कुणाचीच काळजी वाटेनाशी झाली.

यातलं एक अक्षरही मी त्याला सांगितलं नाही. तो समोर बसला होता, पोरीच्या स्थळाचा निरोप ऐकायला बसावं तसा. मी म्हणालो, "झकास झालंय." आणि प्रस्तावनेत लिहिलं, मराठी अद्भुत साहसकथेतला हा मैलाचा दगड आहे. पुस्तक त्यानं स्वतःच छापलं. ओळखीच्यांनी घेतलं, कुणी अभिप्राय दिला नाही. उरलेल्या प्रती पलंगाच्या पेटीत गेल्या. मन्मथ त्यावर काही बोलला नाही, आणि मीही नाही. आम्ही भेटत राहिलो, पाऊस, डाळींचे भाव, जावई, गुडघे यांवर बोलत राहिलो. पुस्तकाचा विषय निघेल की काय म्हणून प्रत्येक भेटीत मी मनातून चोरासारखा असायचो.

जाण्याच्या चार महिने आधी त्याच्या हृदयाचं दुखणं वाढलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर मी लातूरला गेलो. उशीला टेकून बसला होता. वहिनी आत गेल्या तसं म्हणाला, "दिगंबरा, एक विचारू? ती प्रस्तावना तू वाचून लिहिलीस का न वाचता?"

"वाचून," मी म्हणालो.

"मग तर अजून गलत. न वाचता लिहिली असती तर माफ होतं." तो हसत होता. "मैलाचा दगड म्हणे! दगड फोडायला आपण काय कमी होतो का? मला ठाऊक हाय रे पुस्तक पडलं ते. कामून पडलं तेवढं सांग. आता न्हाई तर कधी सांगणार?"

मी सांगितलं. आधी अडखळत, मग अडखळणं संपलं. तीन दुपारी लागल्या. तो मांडीवर पुस्तक घेऊन लाल पेन्सिलीनं खुणा करत होता. चार अग्नींपैकी दोन त्यानं पहिल्या दुपारीच उडवले. तलवारीच्या बाबतीत म्हणाला, "मंत्राला किंमत लावली अन् तलवारीला न्हाई. हे तर माझ्याच ध्यानात यायला पाहिजे होतं." एका ठिकाणी मात्र भांडला. मधल्या भागात नदी शोधणारा तांडा सतरा पानं एका जागी थांबतो, बायका धान्य निवडतात, बोलतात, काहीच घडत नाही. ते काढ, म्हटल्यावर ऐकेना. "ते न्हाई निघणार. तू कारकून होतास ना रे तिथं? दुष्काळात काय रोज लढाई होते का? बसूनच राहावं लागतं." त्या रात्री झोपण्याआधी मी ती सतरा पानं पुन्हा वाचली. त्याचं बरोबर होतं. मी चौदा वर्षं पुस्तकाच्या सगळ्यात चांगल्या भागाला दोष समजत होतो.

तिसऱ्या दुपारी मी शेवटचं सांगितलं. कुणीच मरत नाही, म्हणून भीती वाटत नाही. त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

"पोसानी आठवते?" म्हणाला.

ती त्या उन्हाळ्यात काम संपायच्या आधीच गेली होती, एवढं मला आठवत होतं. पुढचं ठाऊक नव्हतं. त्या सकाळी त्यानं तिचं नाव दोनदा पुकारलं, उत्तर आलं नाही, म्हणून मस्टरवर 'गैरहजर' लिहिलं. दुपारी गावाकडून निरोप आला की म्हातारी पहाटेच गेली. "मेलेल्या बाईला मी गैरहजर लावलं, दिगंबरा. दुसऱ्या दिवशी तिच्या नावावर रेघ मारली. अन् दुपारी सगळ्याजणी गोष्ट ऐकायला बसल्या, तर म्हणाल्या, खापरीचं पुढं काय झालं? काय सांगू? म्हणलं, चालतीय. माठ घेऊन चालतीय." त्याचा आवाज स्थिर होता. "मग कुणालाच मारता येईना. एकाला मारलं तर तिलाबी मारावं लागलं असतं. मस्टरवर रेघा मारायच्या त्या मारल्या, निदान गोष्टीत तरी सगळ्यांची हजेरी लागू दे, असं वाटायचं."

मी त्याचा हात धरला. काढून टाक म्हणावं की राहू दे म्हणावं, मला कळेना. शेवटी एवढंच म्हणालो, "तू तिला पन्नास वर्षं उन्हात चालवलंस मन्मथ. बसू दे की आता तिला."

तो हळूच म्हणाला, "हाव. दमली असंल."

त्यानंतर त्यानं सगळी कादंबरी नव्यानं लिहायला घेतली. दर रविवारी फोनवर बोलायचो. मी विचारायचो, कुठवर आलास? तो फक्त आकडे सांगायचा, "सहाशेवर आणली", "पाचशे चाळीस". दाखव म्हटलं तर, "न्हाई. छापल्यावर वाच. अन् यावेळी प्रस्तावना नको बाबा तुझी!" त्याच्या आवाजात दम लागायचा, पण इतका मोकळा आवाज मी त्याचा लिंबाखालीच ऐकला होता. एका रविवारी म्हणाला, "झालं तिचं. काल लिहिलं. लिहून झाल्यावर लई भूक लागली, दोन भाकरी खाल्ल्या." त्यानंतर पाच आठवड्यांनी तो गेला. लिंगैक्य झाला, असं त्याच्या घरात म्हणतात.

महिन्यानं मी पुन्हा लातूरला गेलो. वहिनींनी एक जाडजूड फाइल माझ्या हातात दिली. "छापायला द्यायच्या आधी भाऊजींना द्या, असं सांगून गेलेत," म्हणाल्या. मग जरा हसून, "खरं सांगू का? ते पहिलं पुस्तक मी चाळीस पानांवर सोडलं होतं. ह्यांना कधीच सांगितलं न्हाई. हे मात्र सगळं वाचलं. दोनदा." आम्ही दोघंही हसलो, आणि त्या घरात महिन्याभरात पहिल्यांदाच कुणी मोठ्यानं हसलं असावं, कारण सून दारात येऊन बघून गेली.

परतीच्या एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. फाइल मांडीवर होती, पण अहमदपूरपर्यंत उघडायची हिंमत झाली नाही. पुन्हा वाईट असेल तर? आता कुणाला सांगायचं, आणि कुणापासून लपवायचं? मग उघडली, आणि बदललेल्या जागा शोधत पानं चाळत गेलो. तलवार आता दर वेळी उपसली की अग्निवर्म्याच्या आठवणीतलं एक माणूस पुसून टाकत होती, आणि एका ठिकाणी तिनं त्याची आई पुसली. कालकंठाला लहानपणी पुरात वाहून गेलेला भाऊ होता, म्हणून त्याला नदी बंद करायची होती. कुठंकुठं अजूनही वाक्यं पल्लेदार होती, एक लढाई उगाच होती. पण मी खिशातलं पेन काढलं नाही. खापरीचं प्रकरण आलं तेव्हा बाहेर काय चाललंय याचं मला भान नव्हतं. ती एका उंबराच्या बुंध्याशी टेकून बसते, माठ शेजारी ठेवते, सोबतच्यांना म्हणते, तुम्ही व्हा पुढं. कुणी रडत नाही. सगळे खरोखरच पुढं होतात, आणि मागं वळून बघत बघत जातात... गाडीत मी कधी डोळे पुसले, कधी लोहा गेलं, काही कळलं नाही.

"काका, नांदेड आलं. सगळे उतरले," कंडक्टर माझ्या सीटपाशी उभा होता. "उतरायचं न्हाई का?"

"ह्या प्रकरणाची दोन पानं राहिलीत," मी म्हणालो.

त्यानं फाइलकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "बसा मग," म्हणाला, "गाडी लावायला अजून टाइम हाय," आणि तिकिटांची मशीन काखेत मारून खाली उतरला.