ताटावरचा शब्द

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतो — अडखळत सांगेन, सवय नाही.

आमच्या केजकडं माणूस गेलं की वर्षश्राद्धाला स्टीलची ताटं वाटतात, काठावर त्याचं नाव घातलेली. लहानपणी कुणाकडं जेवायला बसलो की मी आधी काठ वाचायचो, मग भाकरी मोडायचो. घरी आलो की थोरली विचारायची, "आज कुणाच्या ताटात जेवलास रं?" मी नाव सांगायचो आणि ती त्या माणसाचं सगळं सांगत बसायची — त्याचा मारका बैल, त्याचं बांधावरचं भांडण, त्याचं खोकणं. गावातली कितीतरी मेलेली माणसं मला अशी भेटली.

थोरली म्हणजे आप्पांची पहिली बायको. तिला मूल झालं नाही म्हणून माझी आई आली, आणि मी रांगत असतानाच गेली. मला वाढवलं थोरलीनं. तिची ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर तेलाची धार — अजून जीभ शोधते.

पुढं मी बीडला नोकरीला लागलो. आप्पांना दोन बायका होत्या, हे सांगायची लाज वाटायला लागली. थोरली घरी आली की मी सांगायचो, गावाकडची चुलती. ती ऐकायची. पण सांगायचंय ते हे नाही — की हेच आहे?

आप्पा गेले. ताटं मीच केली. थोरलीनं एवढंच म्हटलं होतं, "त्यांच्याखाली माजं बी नाव टाक, बापू. बायकू हाय मी त्यांची."

मी घातलं — 'कै. माणिकराव यांच्या स्मरणार्थ', आणि खाली माझं एकट्याचं नाव. ताटं ऑफिसात आणि सासुरवाडीलाही जायची होती ना!

तिला वाचता येत नव्हतं. ताट मांडीवर घेऊन तिनं विचारलं, "माजं कुठं हाय रं?" मी तिचं बोट धरलं — हो, धरलं — आणि 'स्मरणार्थ'वर ठेवलं.

"हितं."

केवढी हरखली! येईल त्या बाईला दाखवायची, बोट बरोबर त्याच शब्दावर. वाचता येणाऱ्या बायकाही गप्प राहिल्या.

मग मारुतीच्या देवळात पंगत होती. जो तो आपलं ताट घेऊन आला होता, थोरली आप्पांच्या नावाचं. मीही होतो. लाइट गेली, पंखा थांबला आणि पात्यांवरची अक्षरं दिसायला लागली. थोरली वर बघून हसली, "अगं बया, हितं बी माजं नाव!"

ऊसतोडीहून नुकतीच परतलेली मैना शेजारी होती. तिला काय माहीत? "तुमचं कावून आसंल, थोरल्या काकू? 'स्मरणार्थ' लिवलंय. मेलेल्याच्या समद्याच वस्तूवर आसतंय की त्ये."

बायका हसल्या. थोरलीही हसली. माझ्याकडं बघितलं नाही. फक्त पुढ्यातलं ताट जरा फिरवलं — अक्षरं पलीकडं जातील असं.

नंतर ती बरीच वर्षं होती. कधी विचारलं नाही. भाकरी तशीच वाढायची.

ती गेली तेव्हा भावकी म्हणाली, ताटं करा. मी म्हणालो, साधेपणानं करू. खरं सांगू? तिचं नाव घालायचं तर शेजारी तो शब्दही घालावा लागला असता.

गावात तिच्या नावाचं एकही ताट नाही. कोंडाबाई. कोंडाबाई नाव होतं तिचं.