परशरामचा लाकडी महाराष्ट्र

परशराम बेळगावजवळच्या खानापूरकडचा. माझगावच्या गोदीत मजुरी करायचा आणि भोईवाड्याच्या चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत राहायचा. गोदीत मोडकी खोकी फेकून देत. त्यांच्या फळ्या खांद्यावरून घरी आणून तो गॅलरीत ठोकाठोक करत बसे. त्यातून मांडण्या, खुंटाळी, तसबिरींच्या चौकटी निघत. रंधा म्हणून मारायचा नाही. गाठ, खिळ्याचं भोक, सगळं तसंच ठेवायचा. चाळीत कचरा आणतो म्हणून आम्ही बायकांनी आधी नाकं मुरडली आणि मग आम्हीच त्याच्या दारात उभ्या राहून एकेक मांडणी मागू लागलो. त्याची बायको शेवंती तेव्हा गालातल्या गालात हसायची.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तेव्हा चाळीच्या समितीचा चिटणीस होता शामराव, तळमजल्यावरचा कारकून. परशरामशी त्याचं गूळपीठ. एका मोर्चात शामरावावर उगारलेली लाठी परशरामने आपल्या खांद्यावर घेतली होती. शामराव मला आवडायचा नाही असं मी म्हणणार नाही. आवडायचा, म्हणून तर अजून राग जात नाही.

त्या शामरावाच्या भिंतीसाठी परशरामने महाराष्ट्राचा नकाशा केला. प्रत्येक मुलूख वेगळ्या लाकडाचा. रत्नागिरीला आंब्याच्या पेटीचं झाकण, मुंबईला गिरणीतली फुटकी बॉबिन. कोल्हापूर आणि बेळगाव मात्र त्याने एकाच फळीतून कोरले. त्याच्या गावच्या घराच्या मोडक्या दारातली ती फणसाची फळी होती. कोल्हापुरातली लाकडाची रेषा सरळ बेळगावात, त्याच्या गावापर्यंत जायची. हे दोन तुकडे मुद्दामच सुटे केले नाहीत, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. शामरावाने भरल्या खोलीत नकाशावर हात ठेवून शब्द दिला, की हा असाच राहील, एक ढलपी कमी होणार नाही. परशराम तेव्हा पोरासारखा लाजला होता.

पुढे राज्य मिळालं, पण बेळगाव बाहेरच राहिलं. चाळीने एक मेला सोहळा करायचं ठरवलं. शामरावाला अध्यक्ष केलं आणि व्यासपीठामागे तोच नकाशा लावायचा बेत झाला. समितीतल्या कुणीतरी शंका काढली, की सरकारी नकाशात नाही ते आपण दाखवलं तर येणाऱ्या पाहुण्यांना खटकेल. शामरावाने मान डोलावली. हे सगळं आम्हाला मागाहून कळलं. परशरामच्या कानावर तर कुणी काहीच घातलं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी शामराव मांडवाचे बांबू कापायला करवत मागायला आला. परशरामने तिचे दात कानशीने घासून दिले, वर मदतीला येऊ का म्हणून विचारलं. नको म्हणाला तो. इतका निर्लज्ज माणूस मी तरी पाहिला नाही.

सकाळी करवत दाराशी आणून ठेवलेली होती. परशरामने ती उचलली आणि तिथेच थांबला. दातांत पिवळा भुसा अडकला होता. बांबूचा भुसा पांढुरका असतो, इतका पिवळा फणसाचाच. तो शेवंतीशीही न बोलता जिना उतरला. त्याचा चेहरा पाहून मी मागोमाग गेले.

मांडवात शामराव नवा सदरा घालून सगळ्यांना चहा देत होता. माझ्याही हातात त्याने एक कप दिला. मागे नकाशावर झेंडूची माळ सोडली होती. परशरामने ती बाजूला केली. कोल्हापूरच्या खाली वेडावाकडा काप होता.

"तुकडा कुठाय?" त्याने विचारलं.

शामरावाने खाली पाहिलं. "अरे, लाकडं कमी पडली रे. पोरांनी चहाच्या चुलीत घातला."

 मी हातातला कप तसाच बाकावर ठेवला.

"आणि परशा, बाकीचा महाराष्ट्र तर मिळाला ना?" शामराव त्याच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाला.

परशरामने तो हात बाजूला केला.

"मिळाला की. तुमास्नी मिळाला."