राहू द्या मिस्त्री

हातातलं काम टाकून आत्ताच सांगतेय, कारण आमचे राहू द्या मिस्त्री आज सकाळी मेहकर सोडून अकोल्याला मुलाकडे गेले. कायमचे. आता नाही सांगितलं तर मला जेवण जायचं नाही.

गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करायचा त्यांचा धंदा, पण आलेलं गिऱ्हाईक ते आधी परतच पाठवायचे. गाडीभोवती चक्कर मारायची, पोचा बोटांनी चाचपायचा आणि म्हणायचं, “राहू द्या. धावते नं गाडी?” खरंच गरज असली तरच हातोडी उचलायची, आणि पैसेही बेताचेच घ्यायचे. बायको म्हणायची, अशानं एक दिवस चूल पेटवायचंही राहू द्यावं लागेल.

महाराष्ट्र होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. आमच्या जुन्या जीपचं मडगार्ड बैलगाडीला घासून चेपलं, आणि नेमके ताईला पाहायला पाहुणे यायचे होते. बाबा जानेफळहून तडक मेहकरला मिस्त्रींकडे. मिस्त्री म्हणाले, “पावने पोरीले पाहाले येऊन राह्यले का मडगार्डाले?” बाबा चिडले आणि गाडी खामगावच्या एका झकपक गॅरेजात नेली. तिथं पोच्यात पुट्टी भरली, वर रंग मारला. काय चमकत होती!

पाहुण्यांना मेहकरच्या स्टँडवरून जानेफळला घरी आणताना मीही मागे बसले होते. मिस्त्रींच्या दुकानासमोर जीप खड्ड्यात आदळली आणि पुट्टीचा हा एवढा खपला रस्त्यावर पडला. मुलाचे वडील उतरले, खपला उचलून उलटसुलट पाहिला. बाबांकडे पाठ फिरवली. दारात उभ्या मिस्त्रींनाच त्यांनी विचारलं, यांच्या घरात आणखी काय काय झाकलेलं आहे?

ताईचं लग्न आता मिस्त्रींच्या तोंडी, आणि हा माणूस खोटं बोलत नाही हे सगळ्या मेहकरला ठाऊक. त्यात बाबांनी त्यांना डावललेलं.

“पोरगी तोंडाची तिखट हाये,” मिस्त्री म्हणाले. “बापालेही सोडत नाही. पण मनात काही ठेवत नाही. माह्या पोराचं लगन झालं नसतं तं मीच मागनी घातली असती.”

मुलाचे वडील हसायलाच लागले. म्हणाले, आमच्या घरी सगळे मुके, एक बोलणारी पाहिजेच होती. चला, बसा गाडीत.

घरी पोहे, पाहणं सगळं रीतसर झालं, पण बाबा म्हणतात लग्न ठरलं ते त्या दुकानासमोरच. पहिली पत्रिका त्यांनी मिस्त्रींना नेऊन दिली.

आज स्टँडवर आम्ही सगळे गेलो होतो. ताई सासरहून मुद्दाम आली, आणि मिस्त्रींची पिशवी तिनंच एसटीत चढवली. खरं सांगा, तुमच्याही घरचं लग्न कधी असं रस्त्यावरच्या कुणाच्या एका उत्तरावर अडलं होतं का?