बाळाचं दुपटं

धीर धर. नेरूळच्या त्या घरात हे दोन शब्द मी इतक्यांदा ऐकले, की आजही कुणी धीराचे गोडवे गायला लागलं की माझं डोकं सणकतं. हातानं केलेल्या वस्तूत म्हणे धीर शिवलेला असतो. असेल बापडा. माझ्या दुपट्यात काय शिवलेलं होतं ते मला ठाऊक आहे.

नव्वदीतली गोष्ट. मला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही जगाची रीत. माझं माहेर खाडीपलीकडं, घाटकोपरला. सातव्यात निघाले तर ठीक, आठव्यात बाईला हलवत नाहीत. आणि नेमकी तिथंच सासूबाईंनी पाचर मारली. बाळाचं पहिलं दुपटं आईच्या हातचं पाहिजे म्हणे. ते पुरं कर आणि मग खुशाल जा.

सासूबाई साताऱ्याकडच्या. सासरे गेल्यावर गाव सोडून आमच्याकडं आल्या होत्या. नवरा पहाटे वाशीच्या भाजी मार्केटला जायचा तो दिवेलागणीला उगवायचा. दिवसभर आम्ही दोघी आणि तो चौथा मजला. बिल्डिंगमधले निम्मे फ्लॅट रिकामे होते आणि उरलेल्यांची दारं बंद.

त्यांनी आपली जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी कापून एकावर एक घातली होती. तान्ह्याला नवं कापड लावायचं नाही, इथवर मलाही पटत होतं. कडेपासून ओळीनं टाके घालत मधोमध यायचं. मी दुपारभर कंबर मोडून शिवायची. चहा झाला की त्या चष्मा चढवायच्या, शेवटच्या ओळीवरनं बोट फिरवायच्या आणि म्हणायच्या, "हितं टाका लांब पडलाय बग. उसव."

"दिसतो तरी का आई तो?"

"तुला नाय दिसायचा. लेकराच्या अंगाला टोचंल. धीर धर, घाई कसली?"

घाई कसली म्हणे. माझे पाय सुजलेले, तिकडं माझी आई वाट बघून थकलेली, आणि मी घातलेले टाके माझ्याच हातानं उसवत बसलेली. मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "तिच्यासारखं कुणाला शिवता येतं? शिकून घे ना. टेन्शन कशाला घेतेस?" त्याच्या बापाचं काय जात होतं.

सातवा सरत आला. एका सकाळी मी दवाखान्यातून परतले तर दार नुसतं लोटलेलं. सासूबाई पाठमोऱ्या बसून दुपटं शिवत होत्या. एक अख्खी ओळ त्यांनी घातली, बारीक आणि सरळ, आणि घडी घालून ठेवली. मी आलेय हे त्यांना कळलंच नाही. मी पण बोलले नाही. त्या दुपारी त्या आत झोपल्या आणि मी दुपटं मांडीवर घेऊन नुसती बसले. सुईला हात लावला नाही.

चहा झाला. त्यांनी चष्मा चढवला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही बग कशी गेलीया वाकडीतिकडी. उसव."

"ती तुमची आहे," मी म्हटलं. "सकाळी घातलीत. मी आज एक टाका घातलेला नाही."

त्यांनी चष्मा काढला. पदरानं पुसत बसल्या. मग खाली मान घालून म्हणाल्या, "तू गेलीस की दिसभर कुनाचं त्वांड बगू? हितं दार वाजवलं तर मानसं भोकातनं बघत्यात, दार उघडत न्हाईत."

मला दया यायला हवी होती. नाही आली. तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं एक वाक्य पहिल्या दिवशी बोलायला यांची जीभ झडली होती का? दुसऱ्या दिवशी मी बॅग भरली, दुपटं तिथंच टाकलं आणि माहेरी निघून गेले.

बारशाला त्या आल्या. पिशवीतून दुपटं काढून माझ्यापुढं ठेवलं, पुरं झालेलं. मी बोट फिरवून बघितलं. माझे लांबडे टाके तसेच होते, आणि आतल्या त्यांच्या ओळी माझ्याहून वाकड्या.

"घाईत झालंय," त्या म्हणाल्या. "गोड मानून घे."

मी लेकीला दुपट्यात गुंडाळून त्यांच्या मांडीवर दिलं. त्या बराच वेळ तिच्याकडं बघत राहिल्या. मग हळूच विचारलं, "घरला कवा येतीस?"

"धीर धरा," मी म्हटलं.